पंचमीच्या दिवशीची अळंबी

फाल्गुन सरत आला की आमच्याकडं रानात बघण्यासारखं काही उरत नाही. हरभरा निघालेला असतो, गव्हाच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात, बांधावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत मी दर रविवारी सकाळी शहरातल्या पुंडलिकनगरातून मोटारसायकल काढायचो आणि कन्नडच्या वाटेला लागायचो. कन्नडच्या अलीकडं आमचं गाव आहे. गावात पोचलो की आधी घरी न जाता शिवारात शिरायचो आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत वारुळं शोधत हिंडायचो. पहिल्या रविवारी बायकोने विचारलं, कुठे निघालात. दुसऱ्या रविवारी विचारलं, कशाला. तिसऱ्या रविवारी तिने डबा आणि पाण्याची बाटली दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "नागोबा भेटला तर माझाही नमस्कार सांगा."

मला अळंबी शिकायची होती. शहरात प्लास्टिकच्या डबीत मशरूम म्हणून मिळते ती नव्हे, रानातली, वारुळावर उगवणारी. ती येते आषाढ-श्रावणात, पण कुठे येणार हे उन्हाळ्यातच कळतं. वाळवी जिवंत असेल त्याच वारुळाजवळ ती निघते. चैत्र-वैशाखात अगदी सकाळी गेलं तर जिवंत वारुळावर ओल्या मातीचं ताजं लिंपण दिसतं. आजूबाजूचं सगळं रान भाजून निघालेलं आणि तेवढाच वीतभर भाग ओला. मेलेल्या वारुळात मुंग्या असतात, विंचू असतात, नाहीतर आणखी कुणी राहायला आलेलं असतं. तिथं हात घालायचा नसतो. एवढं कळायला मला सगळा उन्हाळा लागला आणि नाकाची कातडी निघाली. आईला विचारलं असतं तर तिने भाकरी थापता थापता सांगितलं असतं. पण आईने अळंबीचं नाव काढायचंच सोडलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी शेंद्र्याला एका कारखान्यात तपासनीस आहे. मशीनवरून सुटे भाग येतात, मी त्यांना मापाचं गेज लावतो. बसला तर पुढे, नाही बसला तर लाल डब्यात. न मोजता कागदावर सही ठोकणाऱ्या दोघांना मी आजवर घरी पाठवलं आहे आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. स्वभावच तसा आहे. मंडईत भाजीवाल्याच्या काट्याकडं मी अशा नजरेने बघतो की बायको चार पावलं लांब जाऊन उभी राहते.

ही तपासायची खोड मला आईकडून आली असणार. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई गावात एकटीच राहते. पावसाळ्यात आमच्या गल्लीत कुणालाही अळंबी सापडली तर ती आधी चुलीवर जात नसे, आधी आमच्या ओट्यावर येई. बाया टोपली आईपुढं ठेवून गप्प बसायच्या. आई एकेक हातात घेई, उलटी करी, छत्रीखालच्या पाकळ्यांवरून अंगठा फिरवी, नाकाशी नेई आणि शेवटी मुळी बघे. वारुळाच्या अळंबीला खाली लांब, निमुळती मुळी असते. ती मातीत हातभर खोल, पार वाळवीच्या घरापर्यंत गेलेली असते. खुरप्याने हळूहळू उकरत गेलं तरच ती अख्खी निघते. मातीवर नुसतीच बसलेली, बुडाशी गड्डा असलेली छत्री दिसली की आई ती ओट्याखाली फेकून द्यायची. बाकीच्या खुणाही ती बघायची, पण मुळी बघितल्याशिवाय हो म्हणायची नाही. हे वाचून कुणी रानात जाऊ नये. आईने उभा जन्म बघितलं तेव्हा तिला हे कळलं, आणि तरीही जरा शंका आली की ती सबंध टोपली फेकायला लावायची. जिची फेकली जाई ती बाई नाक मुरडत जाई, पण पुढच्या वेळी पुन्हा येई.

माझी बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिचं सासर शेंद्र्याच्या पुढं एका खेड्यात आहे. लग्न झाल्यापासून तिने नागपंचमीचं माहेरपण एकदाही चुकवलं नव्हतं. तिला आणायला दरवर्षी मीच जायचो. लेकीला माहेरी न्यायला जो येतो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. मुराळ्याला पाट मांडून बसवतात, चहा-फराळ करतात, आणि तो मान मी चवीचवीने घ्यायचो. पंचमीच्या आदल्या दिवशी ती माझ्यासाठी उपवास धरायची, जशी सगळ्या बहिणी भावासाठी धरतात.

त्या रविवारांच्या आदल्या वर्षी बायको आणि मुलगी पंचमीला बायकोच्या माहेरी गेल्या होत्या. गावी आम्ही तिघंच होतो, आई, बहीण आणि मी. बहीण सकाळी मैत्रिणींबरोबर कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर होती. घामाघूम होऊन घरी आली आणि म्हणाली, "दादा, अळंबी खाऊन दोन वर्षं झाली बघ." श्रावणात अळंबी चालते की नाही यावर गावात दोन मतं आहेत. आमच्या घरात चालते. मी लगेच उठलो.

आता पंचमीचा नेम असा, की त्या दिवशी जमीन उकरायची नाही. नांगर, कुदळ, खुरपं, सगळं भिंतीला टेकलेलं. विळी-चाकू बंद, तवा बंद, तळण बंद. जे करायचं ते उकडून. हा नेम आमच्याकडं कुणी मोडत नाही, मीही मोडला नाही. खुरपं न घेता, नुसतं पातेलं घेऊन गेलो. बांधावरच्या वारुळाच्या पायथ्याशी सात-आठ अळंब्या निघाल्या होत्या. उकरता येत नव्हतं, म्हणून मी त्या मातीलगत पिरगाळून तोडल्या. मुळ्या जमिनीतच राहिल्या. परत येताना गायरानात, जिथं आधी मेंढरं बसली होती तिथं, आणखी पाच-सहा दिसल्या. चांगल्या ताटलीएवढ्या मोठ्या, पांढऱ्याशुभ्र. बांधावरच्याही पांढऱ्या, ह्याही पांढऱ्या. त्याही मी तशाच तोडल्या. बोअरच्या नळाखाली सगळ्या धुतल्या, आणि चाकू चालत नाही म्हणून तिथंच बसून हाताने त्यांच्या चिंध्या केल्या. आईचं काम कमी होईल असं मला वाटलं होतं. घरी नेलं ते पातेलंभर पांढरे तुकडे.

आईने पातेल्यात बघितलं आणि विचारलं, "मुळी पाह्यली का?"

"पाह्यली."

"आज? आज उकरलं व्हय तू?"

"उकरलं नाय. माती मऊ व्हती. हलवून वढली तर मुळीसकट आली. तिथंच तोडून टाकल्या मुळ्या."

एवढं तपशीलवार खोटं मी का बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कुणाचा जीव जाईल असं माझ्या मनातही नव्हतं. बहीण शेजारी उभी होती, एवढंच. दिवसभर लोकांना "मोजलं का" विचारणाऱ्या माणसाला तो प्रश्न कुणी विचारलेला सोसत नाही. आणि आई माझ्याकडं ज्या नजरेने बघत होती तीच नजर मी कामगारांवर लावतो, हे मला ओळखू आलं होतं. आईने मान डोलावली आणि पातेलं चुलीवर ठेवलं. तिने आयुष्यात पहिल्यांदाच न बघितलेल्या मुळीवर विश्वास ठेवला, कारण सांगणारा मी होतो.

आदल्या दिवशीचा उपवास, त्यात सकाळभर झोका. बहिणीला कडकडून भूक लागली होती. सगळ्यांत जास्त तिनेच खाल्लं. मी थोडं खाल्लं. आईने नुसता रस्सा भातावर घेतला, तोही चमचाभर, भाजी आम्हाला पुरावी म्हणून. दुपारी दोन-अडीच तासांत बहिणीच्या पोटात मुरडा आला आणि उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. मलाही झाल्या, पण मी उभा राहू शकत होतो. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून तिला कन्नडला नेलं. तिथं सलाईन लावलं आणि लगेच शहरात न्यायला सांगितलं. वाटेत तिचे डोळे खोल गेले होते आणि ओठ पांढरे पडले होते. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "काय खाल्लं? कुणी आणलं, कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी केली भाजी. मीच बघून केली."

तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या हातात औषधांची चिठ्ठी होती. मी ती घेऊन औषधाच्या दुकानाकडं निघून गेलो. परत आलो तोवर बहिणीची सासू पोचली होती आणि तिला सगळं कळलं होतं. ती आईला टाकून बोलली नाही. एवढंच म्हणाली, की वय झालं की माणसानं चुलीपासून लांब बसावं. आईने ते खाली मान घालून ऐकून घेतलं. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प होतो.

बहीण चार दिवसांनी सासरी गेली, सुखरूप. पण त्या घरातून निरोप आला, की सूनबाई आता माहेरच्या गावी जेवायला जाणार नाही, भेटायचं तर शहरात भावाकडं भेटावं. भाऊबीज पुंडलिकनगरात झाली. आई करंज्यांचा डबा घेऊन एसटीने आली. सासूबाईही सोबत आलेल्या होत्या, त्यामुळे डबा मधल्या टेबलावर तसाच राहिला. नंतर बहिणीने स्वयंपाकघरात उभ्याने दोन करंज्या खाल्ल्या, दार लोटून. आईने ते बघितलं. आपल्या लेकीला आपल्या हातचं चोरून खावं लागतं, हे तिने बघितलं.

गल्लीतल्या बायांनी टोपल्या आणायचं बंद केलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण ओटा रिकामा राहू लागला. आई म्हणायला लागली, "माझे डोळे गेले आता." तांदूळ निवडले की शेजारच्या पोरीला पुन्हा एकदा बघायला लावायची. सुईत दोरा ओवायला कुणाच्या तरी हातात द्यायची. मी तिला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तो म्हणाला, वयाच्या मानाने डोळे चांगले आहेत, साधा चष्मा पुरेल. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्याला काय, अक्षरं दाखवतो. अळंबी दाखव म्हणावं."

मला हसू आलं. खरं सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी दोन मिनिटांचं काम टाळलं आणि सबंध उन्हाळ्याचं काम अंगावर घेतलं. मी ठरवलं, की आपण स्वतः अळंबी शिकायची, पुढच्या पावसाळ्यात मुळीसकट अख्खी काढून आईपुढं ठेवायची. ती बघेल, तिला जमेल, तिचा धीर परत येईल आणि सगळं आपोआप मिटेल. माझ्या त्या रविवारांमागं हे होतं. मी चिकाटीचा माणूस आहे असं लोक म्हणतात. कधी कधी ती चिकाटी नुसतं पळणं असतं.

तरी चिकाटी होती, हे खरं. आषाढ लागेपर्यंत मला शिवारातली सोळा जिवंत वारुळं पाठ झाली होती. कुठलं बोरीखाली, कुठलं बाभळीच्या बुडाशी, कुठलं मोडक्या मोटेच्या विहिरीपाशी. पाऊस जमिनीत मुरून वर ऊन पडलं, तशा तिसऱ्या दिवशी विहिरीपाशी जमीन तडकलेली दिसली. मी पोटावर आडवा पडलो आणि खुरप्याने चारी बाजूंनी माती सोडवत गेलो. पहिल्या दोन मुळ्या तुटल्या. तुटलेल्या मी टाकून दिल्या. तिसरी हाताच्या कोपरापर्यंत खोल गेली आणि अख्खी निघाली. तासाभरात पाच काढल्या आणि पळसाच्या पानात गुंडाळून घरी आलो.

आई ओट्यावर बसली होती. मी पानं तिच्यापुढं उघडली. तिने तोंड फिरवलं.

"मला दिसत नाय. ने ते तिकडं."

"हात तर लाव."

"नाय म्हणले ना."

तेवढ्यात गल्लीतली एक नवी सून पदरात अळंबी घेऊन आली. तिचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं, तिला गेल्या वर्षीचं काही ठाऊक नव्हतं. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की ह्या घरची आजी बघून देते. तिने पदर पसरला. आई हात मांडीवरून न उचलता म्हणाली, "मला इचारू नको, बाई. माझ्या हातानं माझी पोरगी मेली असती."

ती बिचारी घाबरली. पदर गोळा करून उठली. दोन पावलं गेली असेल, तेवढ्यात आई तिच्या पाठीमागून म्हणाली, "ती खालची काढून टाक. कडंला हिरवट हाय ती. अन् तिला लागून व्हत्या त्या बी टाक."

सुनेने पदर पुन्हा उघडला. सगळ्यांत खाली एक मोठी छत्री होती. ती उलटी पडली होती, तिची एक कड बाहेर डोकावत होती आणि तिथं पाकळ्यांना हिरवट झाक होती, इतकी पुसट, की मला ती हातात घेऊन उजेडाकडं धरल्यावर दिसली. आईने ती तीन हातांवरून, चष्म्याशिवाय बघितली होती. सुनेने सगळंच उकिरड्यावर टाकलं आणि ती गेली.

मी आईला म्हणालो, "दिसलं ना तुला?"

"दिसलं," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून तिने विचारलं, "मग तवा कामून नाय दिसलं?"

हा प्रश्न ती वर्षभर स्वतःला विचारत होती. ह्या प्रश्नाचं उत्तर तिला कुठल्याही डॉक्टरने दिलं नसतं, कारण ते एकट्या माझ्याकडं होतं. मी म्हणालो, "तुला दाखवलंच नव्हतं, आई. तुकडे करून आणले व्हते म्या. मुळ्या काढल्याच नव्हत्या. पंचमी व्हती म्हणून उकरलं नाय. अर्ध्या तर वारुळावरच्या बी नव्हत्या, गायरानातल्या व्हत्या. पाह्यली म्हणलो ते खोटं व्हतं."

आई उठली, आत गेली, हंड्यातून पाणी घेऊन प्याली आणि परत येऊन त्याच जागी बसली. मी तिच्या रागाची वाट बघत होतो. राग आला असता तर बरं झालं असतं.

"अकरा महिने," ती म्हणाली. "अकरा महिने मी म्हणते, म्हातारे, तू आंधळी झालीस. तू आता कामातून गेलीस."

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपेग? तिच्या सासूला जाऊन सांग."

पुढच्याच दिवशी पाळी सुटल्यावर मी बहिणीच्या सासरी गेलो. रस्त्यात दोनदा गाडी थांबवली. एकदा पेट्रोल बघायला, ते भरपूर होतं. दुसऱ्यांदा उगीच. मग स्वतःला शिवी घातली आणि सरळ दारात जाऊन उतरलो. सासूबाईंनी बसायला खुर्ची दिली, बहिणीला चहा टाकायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "मावशी, गेल्या पंचमीला आईची चूक नव्हती. अळंबी म्या आणली, न बघता आणली, अन् आईनं विचारलं तवा खोटं बोललो. दवाखान्यात बी गप्प बसलो."

सासूबाई म्हणाल्या, "माणूस चुकतं. विषारी-बिनविषारी मला बी नसतं कळलं. पण मी तुमच्या आईला एवढं बोलले, अन् तुम्ही तिथं उभे राहून ऐकलं. हे लई वाईट केलं तुम्ही."

"व्हय," मी म्हणालो.

बहीण चहाचा कप हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, आदल्या दिवशी तुझ्यासाठी उपास धरला व्हता रे मी." आणि कप खाली ठेवून आत निघून गेली. मला तोंड वर करून बघवेना.

निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. "पंचमीला पाठवते तिला," त्या म्हणाल्या. "पण मुराळी म्हणून तुम्ही येऊ नका. तुमच्या आईला पाठवा. मला त्यांची माफी मागायचीय."

आई तिला आणायला गेली. त्या वयात, दोन एसटी बदलून, ठेवणीतलं पातळ नेसून ती स्वतः लेकीची मुराळी झाली. तिथं काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी दोघी मायलेकी गावच्या फाट्यावर उतरल्या तेव्हा आई पुढं चालत होती आणि बहिणीला म्हणत होती, खड्डा हाय, बघून चाल. दुसऱ्या दिवशी पंचमी झाली. गल्लीत आता सगळ्यांना सगळं कळलं होतं, कारण आईनेच सांगितलं होतं, माझं नाव न लपवता, माझ्यादेखत. बहीण माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी जमीन मोकळी झाली. आई खुरपं घेऊन बांधाकडं गेली, मी माझ्या वारुळांकडं. दोघं दहाच्या सुमाराला परत आलो. ओट्यावर गल्लीतल्या तीन बाया टोपल्या घेऊन आधीच बसल्या होत्या. आईने हात धुतले आणि एकेक अळंबी उलटी करून बघायला लागली. एक टोपली तिने अर्धी फेकायला लावली, आणि ती बाई पहिल्यासारखी नाक मुरडून गेली. बहीण माझ्याकडं बघून हसली, त्या कबुलीनंतर पहिल्यांदाच.

बाया गेल्यावर मी माझी टोपली आईपुढं ठेवली. नऊ होत्या, सगळ्या मुळीसकट. आईने एक उचलली, मुळीवरून पार टोकापर्यंत बोट नेलं. मग दुसरी. नऊच्या नऊ बघितल्या.

"चांगल्या हायत," ती म्हणाली आणि टोपली माझ्याकडं सरकवली. "पण मी नाय शिजवणार."

बहीण म्हणाली, "का गं? चांगल्या म्हणतीस ना?"

"आज मुळ्या दिसत्यात म्हणून चांगल्या म्हणते," आई म्हणाली. "उद्या नाय दिसल्या तर तो काय सांगंल? त्याच्या डोळ्याचं भ्या नाय मला. त्याच्या जिभेचं हाय."

मला आधी राग आला. सबंध उन्हाळा पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडलो, तिच्या विहिणीपुढं उभा राहून कबूल झालो, आता आणखी काय करायचं होतं? मग राग गेला, कारण तिचं बरोबर होतं. मी टोपली उचलली आणि आत गेलो. अळंबी स्वतः निवडली, चिरली, लसूण-मिरची ठेचून फोडणीला टाकली. मीठ जरा जास्त पडलं. मी मनाशी पक्कं केलं, की इथून पुढं मी आणलेलं मीच शिजवणार आणि आधी मीच खाणार. मग ज्याला खायचं त्याने खावं, नाही तर नाही. त्या दोघी आईने आणलेल्या अळंबीची भाजी जेवल्या, मी माझी जेवलो. तीनही ताटं एकाच ओळीत होती.

जेवण झाल्यावर आई रोज घटकाभर आडवी होते. त्या दिवशी झाली नाही. मी भिंतीला टेकून बसलो होतो, ती समोर दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली. हातात काही काम नाही, नजर माझ्या तोंडावर. अर्ध्या तासाने तिने विचारलं, "मळमळतंय का?" मी म्हणालो, नाय. आणखी अर्ध्या तासाने तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. तिने ते ऐकलं, पण तिची नजर हटली नाही. तिसऱ्यांदा ती जवळ आली, माझ्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, आणि विचारलं, "खरं सांग. काय व्हतंय?"

"मळमळत नाय," मी म्हणालो. "पण भ्या वाटतंय, आई. बसल्यापास्नं वाटतंय."

"मला बी," ती म्हणाली, आणि चार वाजेपर्यंत माझ्या पोटावरचा हात न काढता तिथंच बसून राहिली.